नेम रिकाम्या जागेवर

शॉट चुकला तसा माझ्या नातवाने क्यू टेबलाला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "आबा, इथं रेषच नाही दिसून राहिली."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चंद्रपूरचा मे महिना, दुपारचे तीन. अशा वेळी आमच्या शहरात रस्त्यावर चिटपाखरूही नसतं. नातू सुट्टीला आला होता आणि त्याला खरा पूल खेळायचा होता, म्हणून कूलर असलेल्या एका पूल हॉलमध्ये त्याला घेऊन गेलो. मोबाइलवरच्या 'एट बॉल पूल'मध्ये तो पटाईत. तिथे बोटाने क्यू फिरवला की पांढऱ्या चेंडूपासून एक रेष निघते, दुसऱ्या चेंडूला भिडते, भिडण्याच्या जागी पोकळ वर्तुळ दिसतं आणि समोरचा चेंडू कुठे जाईल तेही छोट्या रेषेने कळतं. खऱ्या टेबलावर कापडाशिवाय काही नाही. सोपा वाटणारा एक चेंडू त्याने सहा वेळा मारला. सहाही वेळा चुकला, आणि सहाही वेळा एकाच बाजूला.

ही एकच बाजू मला महत्त्वाची वाटली. हात हलत असेल तर चेंडू कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर हात ठीक आहे, चूक पाहण्यात आहे. आणि पाहणं शिकवता येतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण माझी सारी नोकरी त्यावरच गेली.

मी कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. भूमिगत खाणीत गॅलरी, म्हणजे कोळशातला बोगदा, पुढे न्यायची तर ती सरळ जायला हवी, आणि खाली अंधारात सरळ म्हणजे काय हे कोणाला दिसत नाही. म्हणून सर्व्हेअर मोजमाप करून छतात खुंट्या ठोकतो आणि त्यांना ओळंबे टांगून देतो. कामगार मागे उभा राहतो, एक डोळा मिटतो, दोन्ही दोऱ्या एकीमागे एक लपल्या की समोर फेसवर, म्हणजे कोळशाच्या भिंतीवर, त्या ओळीत खूण करतो. तिथे पुढची गॅलरी अजून कोणी पाहिलेली नसते. असतो तो नुसता कोळसा. दोन दोऱ्यांच्या आधाराने माणूस नसलेल्या वाटेची रेष पाहतो. नातवाला टेबलावर जी रेष दिसत नव्हती, ती मला या ओळंब्यांच्या जातीची वाटली.

टोक आणि मध्य

चूक कुठे होत होती ते आधी सांगतो, कारण पूल, स्नूकर, कॅरम, कोणताही खेळ घ्या, नवशिक्या बहुतेक हीच चूक करतो.

समजा, लाल चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये घालायचा आहे. पॉकेटपासून लाल चेंडूच्या मध्यातून एक रेष मनात ओढा आणि ती चेंडूच्या मागून बाहेर काढा. ती जिथून बाहेर पडते, तिथेच पांढरा चेंडू टेकला पाहिजे. इथवर सगळ्यांना कळतं. मग नवशिक्या क्यू त्या टेकण्याच्या जागेवर रोखतो आणि मारतो. पण पांढरा चेंडू म्हणजे सुईचं टोक नव्हे. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा मध्य त्या जागेकडे निघाला की मध्य पोचण्याआधीच त्याची कड लाल चेंडूला भलतीकडे भिडते. पांढरा चेंडू नेहमी हवा त्यापेक्षा जास्त समोरून लागतो, म्हणून लाल चेंडू नेहमी एकाच बाजूला चुकतो.

मध्य न्यायचा तो त्या जागेच्याही मागे, रेषेवरच, अर्धा चेंडू अलीकडे. म्हणजे लाल चेंडूच्या मागच्या टोकापासून सुमारे २८.६ मिलिमीटर. तिथे आणखी एक चेंडू लाल चेंडूला चिकटून ठेवला आहे असं समजायचं आणि पांढरा चेंडू नेमका त्याच्या जागी नेऊन बसवायचा. खेळणारे याला 'घोस्ट बॉल' म्हणतात. मी नातवाला 'मनातला चेंडू' म्हणालो. मोबाइलवरचं ते पोकळ वर्तुळ हेच असतं. तो रोज शेकडो वेळा त्याच्याकडे पाहत होता, पण ते काय आहे आणि तिथेच का आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायची गोष्ट एवढीच, की नेम चेंडूवर धरायचा नसतो. चेंडूशेजारच्या रिकाम्या जागेवर धरायचा असतो.

गावची चौकट

हे मला पूलवर नव्हे, कॅरमवर उमगलं. माझं गाव वडशाजवळ, वैनगंगेच्या काठचं. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो १९८२ साली झाला. आम्ही चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्याचेच. शारदा मंडळाच्या पेंडॉलमध्ये रात्री कॅरमच्या स्पर्धा चालत. बोर्डची चौकट गावच्या सुताराने सागाच्या पट्ट्यांची केलेली, वर टांगलेला एक बल्ब, आणि चारी बाजूंनी वाकलेली पोरं. सोंगटीला आम्ही गोटी म्हणायचो. एक थोराड गडी होता. शाळेत फार टिकला नव्हता, पण कट, म्हणजे गोटीला कडेने लागून तिला तिरकी पाठवणारा फटका, मारण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. स्ट्रायकर ठेवण्याआधी तो गोटीच्या मागे, बोर्डावर, बोटाने हळूच टिचकी मारायचा आणि मग बोट उचलून मारायचा. आम्हाला वाटे, त्याची ती सवय आहे. पुढे सर्व्हे शिकल्यावर कळलं की तो स्ट्रायकरचा मध्य जिथे पोचायला हवा ती जागा बोटाने दाखवून ठेवत होता, स्वतःच्या डोळ्यांना.

कॅरममध्ये ही जागा शोधणं एका अर्थाने अवघड असतं, कारण इथे दोन्ही चकत्या सारख्या नसतात. नियमाप्रमाणे गोटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि १५ ग्रॅम. म्हणजे गोटीच्या मध्यापासून स्ट्रायकरचा मध्य साधारण ३.६ सेंटिमीटर मागे यायला हवा. पूलमध्ये पांढऱ्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेवर रोखला, ज्याला 'हाफ बॉल' म्हणतात, तर समोरचा चेंडू ३० अंशांनी फुटतो. कॅरममध्ये स्ट्रायकरचा मध्य गोटीच्या कडेवर रोखला तर गोटी ३० अंशांनी न जाता सुमारे २५ अंशांनी जाते, कारण स्ट्रायकर गोटीपेक्षा मोठा आहे. कॅरममध्ये मुरलेला माणूस पहिल्यांदा पूल खेळतो तेव्हा त्याचे कट थोडे बिघडतात, त्याला हा चार-पाच अंशांचा फरकही कारण आहे. डोळ्याला चकत्यांच्या जुन्या मापाची सवय झालेली असते.

चूक किती चालते, तेही मोजून पाहा. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर. गोटी आत जाताना दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सात मिलिमीटर मोकळे राहतात. गोटी पॉकेटपासून ४० सेंटिमीटरवर असेल आणि चौकटीला न लागता सरळ पडायला हवी असेल, तर तिच्या दिशेत एक अंशाचीही चूक चालत नाही. एवढी दिशा चुकायला स्ट्रायकरचा मध्य अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकला तरी पुरतं. पेंडॉलमधली पोरं पिवळ्या बल्बखाली हा अर्धा मिलिमीटर सांभाळत होती. आजही ते आठवलं की मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

कॅरमची एक सोयही आहे. पूलमध्ये पांढरा चेंडू थांबला तिथूनच खेळावं लागतं. कॅरममध्ये ४७ सेंटिमीटर लांबीच्या बेस लाइनवर स्ट्रायकर कुठे ठेवायचा ते आपल्या हाती असतं. म्हणून शहाणा खेळाडू आधी गोटीमागची रिकामी जागा पक्की करतो, मग तिथे सरळ जाता येईल अशी बेस लाइनवरची जागा शोधतो. पुष्कळजण आधी स्ट्रायकर ठेवतात आणि मग वाट शोधत बसतात.

उजेडाने ओढलेली रेष

आता जगात मोबाइलवरची ती रेष खऱ्या टेबलावरही दाखवता येते. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात मायकेल ग्रीनस्पॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी 'डीप ग्रीन' नावाचा पूल खेळणारा रोबो बनवला आणि मग 'एआरपूल' नावाची व्यवस्था. टेबलाच्या वर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. कॅमेरा चेंडू आणि क्यू पाहतो, संगणक हिशेब करतो आणि प्रोजेक्टर चेंडूंच्या वाटा उजेडाने थेट टेबलाच्या कापडावर ओढतो. क्यू हलवला की रेषा हलतात. चेंडूंचा हा हिशेब जुना आहे. कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ सालीच बिलियर्ड्सच्या गणितावर पुस्तक लिहिलं होतं. आता तो हिशेब डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो, एवढाच फरक.

असं यंत्र आपल्याकडच्या हॉलमध्ये आलं तर मला आनंदच होईल. पण ते कसं वापरायचं, याबद्दल शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी १९८४ साली हालचाली शिकण्यावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासून एक निष्कर्ष मांडला. दर वेळी बाहेरून मार्गदर्शन मिळत राहिलं तर सराव चालू असताना कामगिरी छान दिसते, पण मार्गदर्शन काढलं की ती ढासळते. माणूस स्वतःच्या चुका ओळखायला शिकतच नाही, आधारावर भार टाकून राहतो. माझ्या नातवाचं नेमकं हेच झालं होतं. दोन वर्षं त्याच्यासाठी रेष मोबाइलने पाहिली होती.

खाणीतल्या ओळंब्यांचंही तसंच. नवा कामगार प्रत्येक फटक्याला मागे वळून दोऱ्या पाहतो. अनुभवी माणूस सुरुवातीला एकदा पाहतो, खूण करतो आणि कामाला लागतो. दोऱ्या तिथेच असतात, पण त्याची नजर सरळपणा धरून राहते.

चकतीचा सराव

म्हणून मी नातवाला शिकवायला ना प्रोजेक्टर आणला, ना मोबाइल. एका जुन्या लग्नपत्रिकेचा कागद घेतला आणि पूलच्या चेंडूच्या मापाची, ५७ मिलिमीटरची चकती कापली. मधोमध पेनाने ठिपका दिला. मग शिकवलं ते असं.

पहिली पायरी. पॉकेटपाशी जायचं आणि तिथून लाल चेंडूकडे पाहायचं. बहुतेक मुलं पांढऱ्या चेंडूमागूनच सगळं पाहतात. पॉकेट, लाल चेंडूचा मध्य आणि त्यामागचं कापड एका ओळीत आलं की त्या ओळीत, लाल चेंडूच्या कडेच्या बरोबर खाली कड आणून, चकती अशी ठेवायची की ठिपका चेंडूच्या मध्यापासून बरोबर एक चेंडूभर मागे येईल.

दुसरी पायरी. पांढऱ्या चेंडूमागे यायचं आणि ठिपक्याकडे पाहायचं. लाल चेंडूकडे नाही, ठिपक्याकडे. आता पांढऱ्या चेंडूने लाल चेंडूचा किती भाग झाकला जाणार, ते डोळ्यांत भरून घ्यायचं. पूर्ण झाकला तर चेंडू सरळ जातो. पाऊण झाकला तर साधारण साडेचौदा अंश, अर्धा झाकला तर ३० अंश, पाव झाकला तर ४८ अंशांच्या थोडा पुढे. ही चार चित्रं ओळखीची झाली की बाकीचे शॉट त्यांच्या अधेमधे बसतात.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. चकती उचलून खिशात टाकायची आणि मग मारायचं. पूलच्या टेबलावर पातळ कागदावरून चेंडू जाऊ शकतो, पण कॅरमवर कागदाला स्ट्रायकर अडखळतो, तिथे चकती उचलावीच लागते. ही अडचणच आपल्या कामाची आहे. चकती पाहायची, काढायची आणि ती आहे असं धरून खेळायचं. डोळ्याची आठवण या मधल्या दोन-तीन सेकंदांत घडते.

चौथी पायरी. तोच शॉट दहादा. फायलीतल्या पानांच्या भोकांना लावायच्या गोल चिकट चकत्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. मालकाची परवानगी घेऊन त्या कापडावर चिकटवल्या तर दर वेळी चेंडू त्याच जागी ठेवता येतात. पहिले तीन शॉट चकती ठेवून पाहायचे, पुढचे सात चकतीशिवाय. दहापैकी किती गेले आणि चुकलेले कोणत्या बाजूला गेले, दोन्ही वहीत लिहायचं. नातवाची वही पाहिली तर पहिल्या दिवशी दहात दोन होते. दहाव्या दिवशी त्याच शॉटला सात झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उरलेले तीन आता दोन्ही बाजूंना विखुरले होते. म्हणजे डोळा सुधारला होता, आता हाताचं काम उरलं होतं.

चकतीला न दिसणारी एक गोष्ट मात्र हातानेच शिकावी लागते. दोन चेंडू भिडतात तेव्हा त्यांच्यात घर्षण होतं आणि पांढरा चेंडू ज्या दिशेने येत होता त्या दिशेने समोरचा चेंडू किंचित ओढला जातो. हळू मारलेल्या शॉटला ही ओढ जास्त, मळक्या चेंडूंनाही जास्त. म्हणून हळुवार कट असेल तर हिशेबापेक्षा थोडं बारीक कापायचं. कॅरमवर हवामानाचाही वाटा असतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं आणि बोरिक पावडर टाकूनही स्ट्रायकर दमतो. मे महिन्यात तोच बोर्ड काचेसारखा पळतो.

नजर थांबते तेव्हा

कॅनडाच्याच कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी नेम धरायच्या खेळांत एक गोष्ट मोजली आणि तिला 'शांत नजर' अशा अर्थाचं नाव दिलं. हालचाल सुरू होण्याआधी नजर एका जागी शेवटची स्थिर होते, तो काळ. पुढे २००२ साली बिलियर्ड्सच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुशल खेळाडूंची ही नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकते आणि शॉट अवघड असेल तर आणखी वेळ घेते, असं त्यात दिसलं. आमच्या पेंडॉलमधला तो गडी बोट उचलल्यावर क्षणभर थांबायचा, त्या थांबण्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

बिलियर्ड्स, स्नूकर हे साहेबांचे खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. स्नूकर जन्मला खरा साहेबांच्या मेसमध्ये, १८७५ साली, पण तो जबलपूरला. तेव्हा जबलपूर आणि आमचा चांदा जिल्हा दोन्ही एकाच मध्य प्रांतात होते. विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा, १९२२ सालचा. १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद जिंकून ते भारताचे पहिले विश्वविजेते झाले. कॅरममध्ये पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे प्रशांत मोरे यांच्यासारखे विश्वविजेते महाराष्ट्राने दिले. चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं मिळवली. स्नूकरचं बारा फुटी टेबल प्रत्येक गावात येणार नाही. पण कॅरम बोर्ड आमच्या जंगलातल्या गावांतही पोचलेला आहे. त्यावर दुपार काढली जाते, शिकवलं मात्र जात नाही. आश्रमशाळांमधल्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. भूमितीच्या तासाला बोर्ड वर्गात आणा. स्पर्शबिंदू, त्रिज्या, कोन हे शब्द मुलांना आधी बोटाने अनुभवू द्या आणि मग फळ्यावर लिहा. आणि बोर्डाच्या चार बाजूंपैकी दोन बाजू मुलींना द्या. पेंडॉलमध्ये आमच्या बहिणी मागे उभ्या राहून पाहत, त्यांना कोणी बस म्हणालं नाही. ही खंत मला आजही आहे.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा धाकट्या भावाच्या घरी बोर्ड निघाला. भावाची नात सातवीत आहे. तिला मी स्ट्रायकरच्या मापाची चकती कापून दिली आणि चार दिवस आम्ही दोघं ओसरीवर बसलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी खेळ रंगात आला होता. तिची काळी गोटी मधल्या वर्तुळाच्या कडेला अडकलेली, पॉकेट लांब, आणि कट बारीक. चकती पावडरच्या डबीत होती. ती काढून द्यावी म्हणून मी डबीत हात घातला.

तिने गोटीमागे बोर्डावर बोटाने हळूच टिचकी मारली, बोट उचललं आणि त्या जागेकडे पाहत राहिली. मी चकती तशीच डबीत ठेवली आणि झाकण लावलं.